कागदावरची मालकीण

मुंबईचा शेट मला कधी नावाने बोलावत नसे. त्याच्या तोंडी मी ‘वेंगुर्ल्याची पार्टी’ होते. वेंगुर्ल्याची पार्टी माल बरा देते, वेंगुर्ल्याच्या पार्टीला सांगा, गाडी येतेय. माझ्या कारखान्यातले काजूगर तो हॉलंडला पाठवायचा. डब्यावर नाव त्याचं, बिलावर नाव त्याचं. हॉलंडच्या गिऱ्हाइकाला वेंगुर्ला हे गाव आहे की काजूची जात, हेही ठाऊक नसावं. एकदा मी शेटला म्हटलं, निदान ओळख तरी करून द्या. तो हसला. म्हणाला, “बाई, तुम्ही माल बनवा. इंग्रजी बोलायला आम्ही आहोत.”

ते हसणं मी विसरलेली नाही. विसरायचा विचारही नाही.

माझी आई वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकायची. भाव कसा सांगायचा, गिऱ्हाईक उठून चाललं की किती पावलं जाऊ द्यायचं आणि मग हाक कशी मारायची, हे मी तिच्या पाटीशेजारी बसून शिकले. पुढे काजूच्या कारखान्यात गर सोलायला गेले. चिकाने बोटं काळी होत, रंग महिनोन् महिने जात नसे. १९९८ साली भाड्याच्या शेडमध्ये, कुणाचा तरी टाकून दिलेला बॉयलर दुरुस्त करून, स्वतःचं काम सुरू केलं. हाताखाली पन्नासेक बायका आल्या. त्या सगळ्यांचा प्रॉव्हिडंट फंड मी पहिल्यापासून भरत आले. शेजारचे कारखानदार हसले. “पैसे जास्त झाले काय गो तुका?” मी म्हटलं, “माझे जास्त झाले तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?” माझी जीभ अशीच आहे. तिने माझं नुकसानही पुष्कळ केलं. पण या वेळी केलं नाही, म्हणून ही गोष्ट लिहायला बसले.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शेटने हॉलंडला पाठवलेल्या मालात एकदा अख्ख्या गरांच्या डब्यांत खाली पाकळी, म्हणजे फुटलेले अर्धे गर, आणि तुकडा निघाला. मग दुसऱ्यांदाही निघाला. माझा माल नव्हता तो. शेट पाच-सहा कारखान्यांचा माल कुडाळच्या गोदामात एकत्र करायचा, तिथे काय व्हायचं ते तिथल्यांना माहीत. तिसऱ्या खेपेला हॉलंडचा साहेब स्वतःच आला. पन्नाशीचा, उंच, घामाने निथळणारा माणूस. त्याने शेटला आणि आम्हा कारखानदारांना कुडाळच्या गोदामात बसवलं आणि सांगितलं की यापुढे बोटीवर चढण्याआधी इथेच माल तपासला जाईल. तपासणारं माणूस त्याचं असेल आणि बाराही महिने इथेच राहील.

माणूस त्याने निवडूनही ठेवलं होतं. आमच्याच बाजूच्या एका देवळाच्या गावातली, निवृत्त शाळामास्तरांची मुलगी. बी.एस्सी. झालेली, फळसंशोधन केंद्रात काही दिवस हंगामी काम केलेली. तोंडाने फटकळ आणि इंग्रजीत पटापट बोलणारी. त्या दिवशी गोदामात साहेबाचं बोलणं तीच आम्हाला मराठीत सांगत होती.

अडचण वेगळीच होती. हॉलंडच्या कंपनीचं आपल्या देशात काहीच नव्हतं. ऑफिस नाही, पाटी नाही, कसली नोंदणी नाही. मग तिने इथे पगारी माणूस ठेवायचा कसा? फंड कुठल्या नंबरावर भरायचा? कर कोण कापणार? साहेब म्हणाला, यावर जगभर एक उपाय असतो. त्या देशातली एखादी कंपनी त्या माणसाला आपल्या नावावर नोकरीत घेते. नेमणुकीचं पत्र तिचं, पगार तिच्या हातून, फंड, कर, रजा सगळं तिच्याकडे. काम मात्र आम्ही सांगणार. दर महिन्याला आम्ही पगाराचे पैसे पाठवणार आणि वर तिची फी देणार. कायद्याने मालक ती कंपनी, कामाने आम्ही.

शेट लगेच म्हणाला, “त्यात काय! माझ्या मेव्हण्याची मुंबईत फर्म आहे. तिच्यावर घेऊ हिला. सहा महिने मुंबईला ट्रेनिंग, मग इकडे.”

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्याचा माल तपासायचा, त्याच्याच मेव्हण्याकडे तपासणारणीची नोकरी! आणि यापुढेही साहेबाच्या आणि आमच्या मध्ये शेट उभा तो उभाच.

मी उभी राहिले. “मी घेते तिला.”

शेटचा मॅनेजर खाली बघून हसला. शेट हसला नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू पाटीतला मासाच बोलायला लागला. “तुम्ही? तुम्ही काय घेणार बाई? कागदपत्रं लागतात.”

“कागदपत्रं आहेत. पन्नास बायकांची आहेत. तुमच्या मेव्हण्याकडे किती माणसं आहेत पगारावर?”

शेट मॅनेजरकडे बघायला लागला आणि मी त्या मेव्हण्याबद्दल काहीतरी पुटपुटले. “ह्याला सांग गो, काय म्हटलं मी ते,” मी मुलीला म्हटलं. तिने सांगितलं. मी जे पुटपुटले होते तेही सांगितलं असावं, कारण साहेब हसला. मग त्याने वही पुढे ओढली आणि मला फंडाचा नंबर विचारला. मला तो पाठ होता.

साहेबाने निकाल दिला नाही. दोघांनी आपापल्या अटी द्या म्हणाला. आणि मुलीला विचारलं, तुला कुणाकडे चालेल?

मुलगी म्हणाली, “बाबांना विचारावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी हजर. दारापुढे शेणाने सारवलेलं खळं, तुळशीपाशी वाळत घातलेली कोकमाची सोलं. मास्तर शांत, स्वच्छ, ऑफिसातल्यासारखं मराठी बोलणारे.

“तुमच्याबद्दल मला आदर आहे,” ते म्हणाले. “पण नेमणूकपत्रावर मुंबईच्या कंपनीचं नाव असलं की उद्या स्थळ बघताना सांगायला बरं पडतं.”

“आणि माझ्या नावाला मासळीचा वास येतो?”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“मग कसां म्हटलास ता तरी सांगा. मुंबैचो वास बरो?”

आतून मास्तरांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. “अहो, वाद कित्याक घालतास? देवाक विचारा नि मोकळे व्हा. नायतरी तुम्ही कौल लावल्याशिवाय खळ्यातलो माडसुद्धा तोडूक देणास नाय.”

मास्तरांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, आता संपलंच. शेटशी भांडता येतं, मास्तरांशी भांडता येतं. देवाशी कसं भांडायचं?

कौलाच्या दिवशी साहेबही देवळात आला. त्याला मुलीने सांगितलं होतं आणि त्याला बघायचं होतं. शेटचा मॅनेजर आला, कारण साहेब जिथे जाईल तिथे जा असा त्याला हुकूम होता. गावातले दहा-पंधरा लोक होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं पण बातमी लागली होती.

गुरवाने देवाच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग तो हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा...”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. साहेबही काहीतरी म्हणाला.

“तेका परमुलखातली चाकरी चालून इली आसा...”

“होय म्हाराजा!”

“ती चाकरी...” इथे गुरव थांबला. मान मागे वळवून म्हणाला, “मास्तरांनु, चाकरी कोणाची म्हणान सांगू? धन्याचा नाव काय?”

मास्तरांनी मुलीकडे बघितलं. मुलीने साहेबाकडे बोट केलं. “काम यांचं.”

“पगार कोण देतलो?”

“पैसे हे पाठवणार. पण पगार मुंबईची कंपनी देणार. नाहीतर या बाई.”

“नि कामावरसून काढूचा झाला तर?”

“सांगणार हे. काढणार ते.”

गुरवाने जोडलेले हात सोडले. “एका चाकरीक इतके धनी? गो बाय, मगे देवान कौल देवचो तरी कोणाक?”

लोक हसले. मला हसू आलं नाही. साहेब मुलीला कोपराने ढोसून विचारत होता, काय झालं, काय झालं. तिने समजावलं. तो म्हणाला, मग आमचं नाव घाला.

गुरवाने त्याला नीट न्याहाळलं. “सायब बरो आसा. पण तो उद्या इमानात बसान जातलो. चेडवाचा काय बरा-वायट झाला तर देवान तेका खंय सोदूचा?”

मुलीने स्वतःबद्दलचं हे बोलणं जसंच्या तसं सांगितलं. साहेब आधी हसला, मग थांबला. हे त्याला पटलेलं दिसलं.

आता मॅनेजर पुढे झाला. “मुंबईच्या कंपनीचं नाव घाला.”

“कंपनीक बापूस आसा?” गुरव म्हणाला. “माणसाचा नाव सांगा. उद्या देवासमोर जो उभो रवतलो, तेचा.”

“मग शेटचा घाला,” मागून कुणीतरी म्हणालं.

मॅनेजरचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला. “असं कसं घालायचं? त्यांना विचारायला हवं. यात जबाबदारी येते.” मोबाईल वर धरून त्याने देवळात दोन फेऱ्या मारल्या. तेव्हा वेंगुर्ल्यात नुकते कुठे मोबाईल लागायला लागले होते, देवळात कुठली रेंज? “मी रस्त्यावर जाऊन बोलून येतो,” म्हणत तो चपला घालून निघाला.

मुलीने साहेबाला तेही सांगितलं. तिने काय शब्द वापरला मला माहीत नाही, पण साहेब मॅनेजरच्या पाठीकडे बघत राहिला.

माझा संयम तिथे संपला. “माझा नाव घाल,” मी गुरवाला म्हटलं. “बापाशीचा नाव, गावाचा नाव, सगळा घाल.”

“बघा हां बाये. चेडवाचा काय चुकला तर दोष तुमच्या दाराक येतलो.”

“येवंदे. दार उघडा आसा.”

गुरवाने पुन्हा हात जोडले आणि माझं पुरं नाव घेतलं. कोळणीच्या मुलीचं नाव, त्या देवळात, मोठ्याने. “हिच्या पदराखाली ह्या लेकरू चाकरी करतला, वायट झाला तर ही उभी रवतली, म्हाराजा!” आणि सगळे म्हणाले, “होय म्हाराजा!” माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हरकत नाही.

पण पाकळ्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. लोक पाय बदलून उभे राहू लागले. मास्तर डोळे मिटून होते. मी पाकळीकडे बघत होते आणि मला वाटलं, हा देव भाव धरून बसलाय. अजून काहीतरी हवंय याला.

“अट घाल,” मी म्हटलं. “चेडवाक मुंबैक धाडूचंय नाय म्हणान सांग.”

गुरवाने सांगितलं. पाकळी तशीच.

“चतुर्थीक पगारी सुटी देतंय म्हणान सांग.”

“आणि शिमग्याक!” मागून एकजण ओरडला.

“बाये, ह्यो बंदरावरचो लिलाव न्हय,” गुरव चिडून म्हणाला आणि तेवढ्यात उजवी पाकळी खाली पडली.

साहेबाने टाळ्या वाजवल्या. त्याला कुणीतरी गप्प केलं. मास्तरांनी डोळे उघडले, खाली पडलेली पाकळी बघितली आणि हळूच म्हणाले, “मुंबईला पाठवायचं माझ्याही मनात नव्हतंच.” त्यांची बायको म्हणाली, “मगे आधी बोलाक काय झाला होता?” मॅनेजर रस्त्यावरून घामाघूम होऊन परत आला. शेट मीटिंगमध्ये होते.

कौल मास्तरांपुरता. साहेबाशी सौदा अजून व्हायचाच होता. तो एक दिवस जास्त राहिला आणि माझ्या शेडमध्ये येऊन बसला. सावंतवाडीहून माझा सीए आला होता. साहेबाने पहिलाच प्रश्न असा टाकला की सीएचा चेहरा उतरला. तुम्ही स्वतः काजू विकता. तपासणारी मुलगी तुमच्या पगारावर. मग तुमचा वाईट माल ती नाकारेल कशी?

प्रश्न खरा होता. मी रात्रभर त्याचाच विचार केला होता. “लिहा,” मी मुलीला म्हटलं, “की मालाबद्दल मी तिला एक शब्द सांगणार नाही. त्यांच्या पत्राशिवाय तिला काढणार नाही, बदलणार नाही, पगार कापणार नाही. यातलं काही केलं तर त्याच दिवशी करार रद्द.”

सीएने माझी बाही ओढली. “ताई, तुम्ही आपलेच हात बांधून घेताय.”

“बांधलेले दिसू देत ना त्याला. शेटचे मोकळे आहेत.”

साहेबाने दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली. मग मी फीकडे वळले. म्हटलं, हात बांधून बसायचं तर फी जास्त लागेल. तो म्हणाला, अट तुम्हीच घातलीत. मी म्हटलं, उपयोग तुम्हाला होतोय. त्याने एक आकडा सांगितला. मी वही मिटली आणि बायकांना हाक मारली की पाहुण्यांना आता वेळ होतोय, बस किती वाजता आहे ते बघा. त्याने दुसरा आकडा सांगितला. माझ्या मनात होता त्याच्या तो किंचित वर होता, म्हणून मी आणखी थोडं कुरकुरले आणि हो म्हटलं. चतुर्थीच्या सुटीवर त्याने विचारलं, किती दिवस? मुलगी माझ्या आधीच बोलली, “गणपती जाईपर्यंत.” गणपती किती दिवसांनी जातात, हे तिने सांगितलं नाही. शहाणी पोर.

नेमणुकीचं पत्र माझ्या कारखान्याच्या कागदावर निघालं. खाली सही माझी. मास्तरांनी ते खळ्यात उभं राहून मोठ्याने वाचलं आणि शेवटी माझं नाव आलं तिथे त्यांचा आवाज जराही खाली आला नाही. मी लक्ष ठेवून होते.

सगळं गोड झालं असं नाही. तिने तपासलेला पहिला मोठा माल माझाच निघाला, आणि तिने तो परत केला. पावसाळी हवेत गर नीट सुकले नव्हते, दमट होते. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच पगारावरची मुलगी, शेटच्या मॅनेजरसमोर मला सांगत होती, “हा जाणार नाही.” माझ्या कानशिलांत आग पेटली. तोंड उघडलं, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. घाबरली नव्हती. काय बोलते ते ऐकायला थांबली होती.

“परत सुकव्या,” मी बायकांना म्हटलं. “सगळो.” मग मागच्या दाराने विहिरीवर गेले आणि एकटीच भरपूर शिव्या दिल्या. कुणाला दिल्या, ते सांगता यायचं नाही.

पुन्हा सुकवलेला, निवडलेला माल पास झाला. ही गोष्ट मॅनेजरने शेटला चवीने सांगितली असणार, पण मुलीने ती हॉलंडलाही लिहिली होती, कारण ते तिचं कामच होतं. थोड्या दिवसांनी हॉलंडहून फॅक्स आला. तुमचा पुढचा माल शेटच्या हातून नको, सरळ तुमच्याकडून हवा; बाकीच्यांचा शेटकडूनच येईल. डब्यावर तुमचं नाव छापा. छापखान्यात मी स्वतः उभी राहिले आणि अक्षरं दोन वेळा मोठी करून घेतली.

त्यानंतर गोव्याहून एक मासळीची परदेशी कंपनी आली, रेडीच्या बंदरावर खनिजाचे नमुने घेणारा माणूस कुणाला तरी हवा होता, देवबागला एका इंग्रज बाईला तिच्या गेस्टहाऊससाठी व्यवस्थापक ठेवायचा होता. सगळ्यांना इथे माणूस हवा आणि मालक दुसराच. मी हो म्हणत गेले. प्रत्येकाशी फीवर भांडले. चतुर्थीवर कुणाशीच भांडले नाही, ती माझ्या कराराच्या कागदात आधीच छापलेली होती.

आणि एका दुपारी शेटचा फोन आला. त्याच्या कुडाळच्या गोदामातला सगळा माल माझ्या पोरीने थांबवला होता. अख्ख्या गरांच्या खाली पुन्हा पाकळी-तुकडा. बोट पकडायची होती. शेट आधी गोड बोलला, तब्येत विचारली, कारखाना विचारला. मी ‘बरं चाललंय’ एवढंच म्हटलं. मग त्याचा आवाज चढला.

“तिला एक शब्द सांगा! तुमचं ऐकेल ती. मालकीण आहात ना तुम्ही तिच्या?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची ओढून बसले, हे नीट बसून ऐकण्यासारखं होतं.

“काय म्हणालात शेट? लाइन खराब आहे.”

“मालकीण! तुम्ही! तिच्या!” तो ओरडला.

“आहे ना. कागदावर आहे. मालाचं मला तिला काही सांगता येत नाही, तसं लिहून दिलंय. माझाही माल परत केला होता तिने. तुमच्या मॅनेजरला विचारा, तो होता तिथे.”

 तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला.  बाहेर बॉयलरची वाफ उतरत चालली होती आणि त्याची आग सांभाळायची सोडून फायरमन दारात विडी ओढत उभा होता. मी रिसीव्हर ठेवला आणि त्याच्यावर ओरडायला बाहेर गेले.